विश्लेषण : टर्बो पेट्रोल गाडीला गॅस किट... परवडते, पण पेलते का?

पेट्रोलने शंभरी ओलांडली त्याला आता काही वर्षे झाली, तरी खिशाला त्याची सवय झालेली नाही. त्यामुळे नांदेड-लातूर पट्ट्यात टर्बो पेट्रोल गाडी घेतलेले अनेक जण आता एकच चौकशी करताना दिसतात : हिला गॅस किट बसेल का? फिटर म्हणतो ‘बसते’, शोरूम म्हणते ‘नको’, शेजारी म्हणतो ‘माझ्या जुन्या गाडीला बसवले, काही झाले नाही’. यातले खरे कोणाचे? तांत्रिक, कायदेशीर आणि आर्थिक अशा तिन्ही बाजूंनी पाहिले तर उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येत नाही. मात्र आजच्या घडीला या दोन जिल्ह्यांतील बहुतेक टर्बो गाड्यांसाठी ते ‘नको’कडे झुकते. त्याची कारणे समजून घ्यायला हवीत.

हा प्रश्न आताच का?

मराठवाड्यात पेट्रोल मुंबई-पुण्यापेक्षा महाग पडते. २०२१ मध्ये देशभर दर वाढत असताना राज्यातील सर्वांत महाग पेट्रोल म्हणून परभणीचे नाव वारंवार बातम्यांत आले. नांदेडही त्याच रांगेत होते. इंधनाचे टँकर मनमाडसारख्या दूरच्या डेपोतून येतात आणि त्या वाहतुकीचा खर्च दरात मिसळतो.

दुसरे कारण गाड्यांमधल्या बदलाचे. लांबच्या रनिंगसाठी मराठवाड्यात वर्षानुवर्षे डिझेल गाडीच घेतली जायची. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि छोट्या गाड्यांत डिझेलचा पर्याय आक्रसला. ज्यांना डिझेलसारखी ओढ हवी होती ते एक ते सव्वा लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्यांकडे वळले. पिकअप मिळाला, पण ॲव्हरेज डिझेलचे मिळाले नाही. शहरात आणि एसी लावून गाडी चालवली की फरक आणखी वाढतो. गॅस किटची चौकशी इथून सुरू होते.

टर्बो इंजिन वेगळे कसे?

साधे पेट्रोल इंजिन बाहेरची हवा स्वतःच्या ताकदीने ओढते. टर्बो इंजिनात सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते आणि ती हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि म्हणून ताकद जास्त. एक लिटरचे इंजिन दीड लिटरसारखे ओढते ते यामुळे.

याची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागते. टर्बोची चक्की सतत तापलेल्या धुरात असते. सिलिंडरमधला दाबही जास्त असतो. हवा आणि इंधनाचे प्रमाण जरा चुकले तरी इंजिन ‘नॉकिंग’ करू लागते. म्हणजे मिश्रण ठरलेल्या क्षणाआधी किंवा वेड्यावाकड्या पद्धतीने पेटते आणि पिस्टनवर घाव बसतात. साधे इंजिन अशा चुका बराच काळ सहन करते. टर्बो इंजिनाकडे तेवढी सवलत नसते.

गॅस टर्बोला मानवतो का?

मानवतो, आणि चांगला मानवतो. वाहनात वापरला जाणारा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. त्याचा ऑक्टेन आपल्या साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे तो दाबाखाली सहजासहजी नॉकिंग होऊ देत नाही. टर्बो इंजिनाला नेमके हेच हवे असते. शिवाय तो स्वच्छ जळतो, काजळी कमी धरतो.

युरोपात डॅशिया कंपनी टर्बो इंजिन कारखान्यातूनच पेट्रोल आणि एलपीजी अशा दोन्हींवर चालणारे करून विकते. ‘इको-जी’ नावाच्या या गाड्या तिथे चांगल्या खपतात. भारतात टाटाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉनचे सीएनजी मॉडेल आणले. टर्बो इंजिनावर कारखान्यातून आलेली ही देशातील पहिली सीएनजी गाडी. पेट्रोलवर १२० पीएस देणारे तिचे १.२ लिटरचे इंजिन सीएनजीवर १०० पीएस देते.

म्हणजे टर्बो आणि गॅसचे वाकडे नाही. पण ही दोन्ही उदाहरणे कारखान्यात तयार झालेल्या गाड्यांची आहेत. गॅस डोळ्यांपुढे ठेवून इंजिनाचे ट्यूनिंग कंपनीनेच केले, चाचण्या घेतल्या आणि वॉरंटीही दिली. बाजारात बसवलेल्या किटमागे हे सगळे असेलच असे नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण दाबाची. गॅस किटमधला रिड्यूसर टाकीतल्या द्रव गॅसची वाफ करून ठरावीक दाबाने ती इंजिनाकडे पाठवतो. साध्या इंजिनाच्या इनटेकमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे गॅस सहज आत जातो. टर्बो जोर धरतो तेव्हा इनटेकमधला दाब उलट वाढतो. अशा वेळी रिड्यूसरनेही त्या प्रमाणात आपला दाब वाढवायला हवा. त्यासाठी टर्बोकरता बनवलेला रिड्यूसर, मोठ्या क्षमतेचे गॅस इंजेक्टर आणि इनटेकचा दाब मोजणारा सेन्सर लागतो. साध्या गाडीचे किट टर्बोला लावले तर घाटात, ओव्हरटेक करताना किंवा भरल्या गाडीत, म्हणजे सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच गॅस कमी पडतो. मिश्रण ‘लीन’ होते, धूर जास्त तापतो आणि आधी वाल्व्ह, मग टर्बो मार खातो.

दुसरी अडचण वाल्व्हची. पेट्रोल आत येताना बाष्प होते आणि थोडा थंडावा देते. वाफ होऊन आलेला गॅस तो थंडावा देत नाही, शिवाय तो कोरडा असतो. वाल्व्ह जिथे टेकतो ती बैठक गॅससाठी कडक धातूची नसेल तर हळूहळू झिजते. गाडी सहा महिने छान चालते, मग कॉम्प्रेशन उतरू लागते आणि दोष कशाचा हे कोणाला कळत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण ‘डायरेक्ट इंजेक्शन’ची. ह्युंदाई-कियाचे १.० टी-जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनचे १.० टीएसआय, मारुती फ्राँक्सचे १.० बूस्टरजेट या इंजिनांत पेट्रोलचे इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत असतात. त्यांच्या टोकाला थंड ठेवण्याचे काम त्यातून वाहणारे पेट्रोलच करते. गाडी गॅसवर धावू लागली आणि पेट्रोल बंद झाले की हे टोक आगीत उघडे पडते, त्यावर कार्बन बसतो आणि इंजेक्टर खराब होतो. म्हणून अशा इंजिनांची खास किट गॅससोबत थोडे पेट्रोलही जाळत राहतात. त्यामुळे बचत घटते आणि किट महाग होते. नेक्सॉन, मॅग्नाइट, कायगर यांच्या टर्बो इंजिनांत इंजेक्टर बाहेर, इनटेकमध्ये असतात. तांत्रिकदृष्ट्या तिथे काम तुलनेने सोपे आहे. पण सोपे म्हणजे मंजूर नव्हे.

कंपन्यांच्या निर्णयातून काय दिसते?

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०२५ मध्ये रेनोने क्विड, ट्रायबर आणि कायगर या गाड्यांना डीलरकडे सीएनजी किट बसवून द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. कायगरच्या किटची किंमत ७९,५०० रुपये होती. त्याच वर्षी निसाननेही मॅग्नाइटसाठी ७४,९९९ रुपयांत अशीच सोय केली. दोन्ही कंपन्यांनी किट दिले ते एक लिटरच्या साध्या इंजिनाला. त्याच कायगर आणि मॅग्नाइटमध्ये टर्बो इंजिनही मिळते, पण त्याला किट दिले नाही.

ज्यांनी इंजिन बनवले, ज्यांच्याकडे चाचणीची सगळी साधने आहेत, त्यांनीच टर्बोची जबाबदारी घेतली नाही. दोन तासांत तीच जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या फिटरवर किती विश्वास ठेवायचा, हे ग्राहकाने या एका गोष्टीवरून ठरवावे.

कायदा काय सांगतो?

गॅस किट बसवणे बेकायदा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये इंधन बदलण्याच्या किटचा उल्लेख आहे, पण अटींसह. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना सीएनजी किंवा एलपीजी किट बसवण्याची वाट केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये मोकळी केली. त्याआधी ती फक्त जुन्या गाड्यांपुरती होती.

मुख्य अट मंजुरीची. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र सरसकट नसते. कोणत्या गाडीसाठी, कोणत्या इंजिनासाठी हे त्यावर लिहिलेले असते आणि त्याची मुदत तीन वर्षांची असते. गॅसच्या टाकीला स्फोटक नियंत्रण करणाऱ्या ‘पेसो’ची मान्यता लागते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. टाकीची ठरावीक मुदतीने तपासणी करावी लागते : एलपीजीची दर पाच वर्षांनी, सीएनजीची दर तीन वर्षांनी. किट बसल्यावर नांदेडच्या (एमएच-२६) किंवा लातूरच्या (एमएच-२४) परिवहन कार्यालयात गाडी दाखवून आरसीवर इंधनाची नोंद करून घ्यावी लागते.

नोंद नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा फटका विम्याचा. अपघात झाला किंवा गाडी पेटली आणि आरसीवर गॅसची नोंद नाही, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. किट विम्यात दाखवायला फार खर्च येत नाही. किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये, असा जादा हप्त्याचा प्रचलित हिशोब आहे. एवढे वाचवण्यासाठी सगळी गाडी पणाला लावण्यात अर्थ नाही.

हिशोब किती जुळतो?

उदाहरणादाखल आकडे घेऊ. वाचकाने आपल्या गावचे दर आणि आपल्या गाडीचे ॲव्हरेज घालून ते पुन्हा मांडावेत. पेट्रोल १०६ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १४ किलोमीटर देते असे समजू. खर्च पडतो किलोमीटरला सुमारे ७ रुपये ५७ पैसे. एक लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के कमी ऊर्जा असते, त्यामुळे तीच गाडी गॅसवर लिटरला सुमारे ११ किलोमीटर देईल. गॅस ६५ रुपये लिटर धरला तर किलोमीटरला ५ रुपये ९१ पैसे. बचत किलोमीटरमागे १ रुपया ६६ पैसे.

किटचा खर्च ६० हजार धरला तर तो वसूल व्हायला सुमारे ३६ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्यासाठी ही तीन वर्षे झाली. गाडी सुरू होते पेट्रोलवर आणि इंजिन थोडे गरम झाल्यावरच गॅसवर जाते. लातूर शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याची गाडी बरेचदा पेट्रोलवरच घरी परतेल.

आता पंपाचा विचार करा. एलपीजीची टाकी सुरक्षेसाठी ८० टक्केच भरतात. ४५ लिटरच्या टाकीत ३६ लिटर, म्हणजे जवळपास ४०० किलोमीटरची चाल आणि ६५७ रुपयांची बचत. अधिकृत ऑटो एलपीजी पंप रोजच्या रस्त्यापासून १५ किलोमीटर आडबाजूला असेल, तर जाण्या-येण्यातच पावणेदोनशे रुपये जातात. मग किट वसूल व्हायला ३६ नव्हे, सुमारे ५० हजार किलोमीटर लागतात. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर रोज ये-जा करणाऱ्याला वाटेतच पंप मिळाला तर हिशोब जुळतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याला तो जुळत नाही. देशभरात पेट्रोल पंपांच्या तुलनेत ऑटो एलपीजीची केंद्रे अगदी थोडी आहेत, हेही विसरता येत नाही.

या गणितात टर्बो किंवा इंजेक्टर बदलण्याचा खर्च धरलेला नाही. तो एकदाच आला तरी तीन वर्षांची बचत गिळून टाकू शकतो.

खरा धोका कुठला?

पंप दूर आणि किट तर बसवलेले, अशा वेळी माणूस जवळचा मार्ग शोधतो. तो मार्ग घरगुती सिलिंडरचा. १४.२ किलोच्या एका सिलिंडरात साधारण २६ लिटर गॅस बसतो. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आहे, तर वाहनाच्या गॅसवर १८ टक्के. दरातला हा फरक अवैध रिफिलिंगच्या धंद्याला खतपाणी घालतो. पत्र्याच्या शेडमध्ये मोटार लावून सिलिंडरमधला गॅस गाडीच्या टाकीत ओढला जातो. तिथे ना अधिकृत पंपावरची सुरक्षा व्यवस्था असते, ना आगीची तयारी.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. एखादी ठिणगी पुरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात एका ओम्नीमध्ये असाच अवैध गॅस भरताना स्फोट झाला. गाडीतले प्रवासी होरपळले आणि त्यांतल्या काहींचा नंतर मृत्यू झाला. घरगुती सिलिंडरचा गॅस वाहनात वापरणे हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नांदेड आणि लातूरमध्ये मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात ८० टक्क्यांची मर्यादा न पाळता भरलेली टाकी घेऊन कुटुंबासह प्रवास करणे, हा कुठल्याही बचतीच्या हिशोबात न बसणारा धोका आहे.

तरीही बसवायचे असेल तर?

किट बसवण्याआधी पाच गोष्टी तपासाव्यात.

१. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे आहे का? असेल तर विचार सोडून द्यावा.

२. किटच्या मंजुरी पत्रावर आपल्याच गाडीचे आणि टर्बो इंजिनाचे नाव आहे का? ‘सगळ्यांना चालते’ हे उत्तर नव्हे. पत्राची मुदत पाहावी आणि प्रत आपल्याकडे ठेवावी.

३. किट सिक्वेन्शियल इंजेक्शनचे, टर्बोसाठीच्या रिड्यूसरचे आहे का? जुने मिक्सरवाले किट टर्बोला कदापि नको. बसवल्यावर फिटरने लॅपटॉप जोडून, गाडी रस्त्यावर पूर्ण जोर लावून चालवून ट्यूनिंग करायला हवे. उभ्या गाडीत केलेले ट्यूनिंग अपुरे असते.

४. वॉरंटीचे काय होणार, हे शोरूमकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘बघू’ला काही किंमत नाही.

५. अधिकृत पंप रोजच्या वाटेवर आहे का? नसेल तर किटही नको.

ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही आणि रनिंग जास्त आहे, त्यांनी कारखान्यातून आलेली गॅस गाडी घेणे जास्त शहाणपणाचे. लातूर-धाराशिवचे सीएनजी वितरण करणारी युनिसन एन्व्हायरो ही कंपनी २०२४ मध्ये महानगर गॅसने विकत घेतली. तिथे जाळे जसे वाढेल तसा सीएनजीचा पर्याय अधिक सोयीचा होईल. सीएनजीच्या टाकीत दाब २०० बारच्या आसपास असतो, एलपीजीत त्याच्या तुलनेत फारच कमी. पण कारखान्यात बसवलेली, तपासलेली टाकी आणि वर कंपनीची वॉरंटी, ही त्या फरकाहून मोठी गोष्ट आहे.

चूक ग्राहकाची की व्यवस्थेची?

पेट्रोल महाग झाले म्हणून स्वस्त इंधन शोधणारा माणूस काही गुन्हा करत नाही. सरकारने २०२२ मध्ये किटला परवानगी दिली, पण कोणत्या गाडीला कोणते किट मंजूर आहे हे सामान्य माणसाला मराठीत, एका जागी, सहज दिसेल अशी सोय केली नाही. प्रत्येक परिवहन कार्यालयाच्या फलकावर मॉडेलनिहाय यादी आणि अधिकृत फिटरची नावे लावणे हे फार मोठे काम नाही. तसे झाले तर ‘सगळ्यांना चालते’ म्हणणाऱ्यांचा धंदा निम्मा आटोपेल.

दुसरी गोष्ट पंपांची. वाहनाच्या गॅसवर १८ टक्के कर घ्यायचा, पंप मोजकेच ठेवायचे आणि मग अवैध रिफिलिंगवर छापे टाकायचे, याने रोग बरा होत नाही. छापे हवेतच, पण महामार्ग ३६१ सारख्या रस्त्यांवर अधिकृत गॅसही मिळायला हवा.

तिसरी गोष्ट कंपन्यांची. युरोपात टर्बो एलपीजी गाडी खपते आणि भारतात टर्बो सीएनजी निघते, तर छोट्या टर्बो इंजिनांसाठी कंपनीच्या जबाबदारीवर मंजूर किट देणे अशक्य नाही. मराठवाड्यासारख्या लांब अंतराच्या आणि महाग पेट्रोलच्या भागात त्याला गिऱ्हाईक आहे.

हे होईपर्यंत नांदेड-लातूरच्या टर्बो गाडीवाल्याने फिटरच्या शब्दावर नव्हे, मंजुरीच्या कागदावर विश्वास ठेवावा. कागदावर आपल्या इंजिनाचे नाव नसेल, तर एक रुपया ६६ पैशांसाठी गाडी आणि घरची माणसे यांना धोक्यात घालू नये.